मी न केलेली कॉपी

आमच्या मंडळीत तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. ज्याचं त्याला कळलं पाहिजे, ज्याचं त्यानं बोललं पाहिजे, असा नियम. पाण्यात उतरायच्या आदल्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची: मी आधी कसा होतो, प्रभू मला कुठे भेटला आणि माझ्यात काय बदललं. मोताळ्यात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आम्ही चाळीसेक माणसं उपासनेला जमायचो. एरवी गाणी संपेपर्यंत लोक येत राहायचे, पण साक्षीच्या रविवारी सगळे वेळेवर हजर.

एकोणिसाव्या वर्षी माझा नंबर लागला. माझ्यासोबत एक ट्रक ड्रायव्हर काका होते. पंधरा वर्षं दारू प्यायलेले, दोनदा नाल्यात पडलेले, एकदा तर चक्क ट्रकसकट. आणि मी? गणिताच्या मास्तरांची मुलगी, रविवारच्या शाळेत वचनं पाठ म्हणून बक्षिसं मिळवणारी. काकांच्या साक्षीपुढे माझी साक्ष म्हणजे बिनमिठाचं वरण.

सगळ्यांनी पाप केलंय, कुणी आपल्या पुण्याईनं तरत नाही, तारण कृपेनं फुकट मिळतं, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण फुकट मिळण्यासाठी आधी काहीतरी दणदणीत पाप पदरी हवं, असं माझ्या डोक्यात बसलेलं. शिवाय मला दुसरा नंबर कधी सोसला नाही, अगदी पापातही.

काकांची साक्ष झाली. बायका डोळे पुसत होत्या. मी उभी राहिले. घडी घातलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'लहानपणी मी फार रागीट होते.' तो कागद मी उघडलाच नाही.

"बारावीला गणिताच्या पेपरात मी कॉपी केली," मी म्हटलं.

मागून कुणीतरी "हालेलुया" म्हणालं. मंडळीतल्या दोन मावश्यांनी मला पोटाशी धरलं. मला इतकं भारी वाटलं की बाबांकडे बघायचंच राहिलं.

बाबा पहिल्या रांगेत होते. ते शाळेत गणित शिकवायचे आणि कॉपी पकडण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. दर मार्चमध्ये त्यांच्या गाडीची हवा कुणीतरी सोडायचं आणि ते ती शांतपणे ढकलत घरी आणायचे. आम्ही घरी पोचेपर्यंत मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रार्थना विनंती पडली होती: 'आपल्या बहिणीच्या बारावीच्या पापासाठी.' त्याखाली सव्वीस हात जोडलेले.

सोमवारी शाळेतून आल्यावर बाबांनी माझ्यासमोर एक कागद ठेवला. सुंदर अक्षरात परीक्षा मंडळाला अर्ज. विषय: गणिताचे गुण रद्द करण्याबाबत.

"सही कर," ते म्हणाले.

"बाबा, प्रभूनं माफ केलं ना?"

"केलं. पण जे आपलं नाई ते परत द्या लागते. कृपा म्हणजे सूट नोय."

मी तेव्हा बुलढाण्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, रोज एस.टी.नं जायचे. गणितच गेलं तर ॲडमिशन गेलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अवो, देवाले समजलं तेवढं पुरे नाई काय? बोर्डाले कशाले सांगून राह्यले?"

"उद्या करते सही," मी म्हटलं. मंगळवारीही हेच म्हटलं, बुधवारीही. खरं तर एवढं बोलले असते तर सुटले असते की मी कॉपी केलीच नाही. पण मग मंडळीसमोर खोटारडी ठरणार, आणि मंडळीचे पाळक, म्हणजे पास्टर, मला पाण्यात उतरवणार नाहीत. एकीकडे पदवी, दुसरीकडे बाप्तिस्मा. दोन्हीकडून मीच खड्डा खणलेला.

गुरुवारी संध्याकाळी धीर सुटला. "बाबा, मी कॉपी केलीच नाई."

"मंग?"

"साक्षीत सांगाले काई नवतंच."

बाबा खाटेवर बसले. आता कानाखाली बसणार असं मी धरून चालले. त्यांनी अर्ज उचलला आणि हळूहळू फाडला.

"तू रोज 'उद्या' म्हने ना," ते म्हणाले, "तं मले रोज बरं वाटे. दुसऱ्याची पोरगी असती तं मी त्याच मिनिटाले सही घेतली असती."

बाबांना स्वतःविरुद्ध बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. कानाखाली बसली असती तर एवढं रडले नसते. आईनं न विचारता चहा टाकला.

शनिवारी पाळकांकडे गेले. ते ठसका लागेपर्यंत हसले. "लोकं पाप लपवतात हे मले ठाऊक होतं. नसलेलं पाप आननारी तूच पयली." मग डोळे पुसून म्हणाले, "पन उद्या सगळ्यांसमोर सांगा लागन. नाईतं तुले पान्यात घेत नाई."

बाप्तिस्मा मंडळीतल्या एका विश्वासी भावाच्या शेततळ्यात होता. बाजूला कपाशी, तळ्यात अंथरलेलं प्लॅस्टिक, त्यावर शेवाळ. मी काठावर उभी राहून सगळं सांगितलं. काही हसले. पोटाशी धरणाऱ्या मावश्यांचे चेहरे आंबले. ड्रायव्हर काका तर चिडलेच, "पोरी, मी तुह्यासाठी बुधवारी उपास धरला ना!"

पाळकांनी विचारलं, "हिले पान्यात घ्याले कोनाची हरकत हाय काय?"

बाबा उठले.

"हरकत नाई," ते म्हणाले. "पन माही साक्ष बाकी हाय. मी लोकांच्या लेकरांचे पेपर हिसकले, अन् घरच्या लेकीची सही चार दिवस घेतली नाई. मले वाटे, माही गणितात चूक होत नाई तशी कशातच होत नाई." या वेळी मागून कुणी हालेलुया म्हणालं नाही. पाळक मला घेऊन पाण्यात उतरले आणि त्यांनी बाबांना हातानं खुणावलं, तसे ते पँट-शर्टासकट पाण्यात येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांचा हात मी घट्ट धरला.

"कोनाच्या भरवशावर आली?" पाळकांनी मला विचारलं.

पाठ केलेलं लांबलचक उत्तर मला येत होतं. "प्रभूच्या," मी म्हटलं. "माह्याजवळ दाखवाले काईच नाई."

पाळकांनी मला मागे झुकवलं. मी बाबांचा हात सोडला नाही, शेवाळावरून त्यांचा पाय सटकला आणि माझ्यामागोमाग तेही चष्म्यासकट पाण्याखाली गेले. वर आलो तेव्हा ड्रायव्हर काका काठावरून ओरडत होते, "सर, तुमचा तं झाला होता ना!" बाबा पाणी निथळत उभे होते आणि मोठ्यानं हसत होते. आपल्या चुकीवर हसणारे बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.