काका पाचव्या शीलाला गप्प बसायचे

आमच्या काकांचा आवाज असा होता की शिरड शहापूरच्या बौद्धवाड्यात ते वंदना म्हणायला लागले की पलीकडच्या शिवारातले बैल माना वर करायचे. यात माझी थोडी भर आहे, पण थोडीच. दर पौर्णिमेला आणि रविवारी सकाळी सगळा वाडा विहारात जमायचा. पुढे काका, त्यांच्या मागे पुरुष, मग पोरंसोरं, आणि भिंतीला टेकून बायका. काकांनी एक ओळ सांगायची, बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. पाली कुणालाच येत नव्हती. काकांच्या तोंडून शब्द उचलायचे आणि जसेच्या तसे म्हणून मोकळं व्हायचं.

पंचशील म्हणताना काका पहिली चार शीलं खणखणीत सांगायचे. जीव घेणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटं बोलणार नाही. मग यायचं पाचवं, दारूपासून दूर राहण्याचं. तिथे आले की काका तोंड मिटून घ्यायचे. विहारात अशी शांतता पसरायची की बाहेर कोंबडी माती उकरते तेही ऐकू यायचं. मग भिंतीकडून आमच्या काकीचा किनरा आवाज उठायचा. ती पाचवं शील एकटीच, नवऱ्याच्या पाठीवर नेम धरून म्हणायची. बायका तिच्या मागून म्हणायच्या, पुरुषही पुटपुटायचे. मग काका घसा साफ करायचे आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढची गाथा उचलायचे.

आधी असं नव्हतं. आधी काका पाचवं शीलही सगळ्यांसारखं म्हणायचे आणि संध्याकाळी सगळ्यांसारखेच प्यायचे. घोटाळा केला तो गावात आलेल्या एका भन्तेजींनी. त्यांनी एका पौर्णिमेला पाचही शीलांचा अर्थ मराठीत समजावून सांगितला. ही कुणी घातलेली बंधनं नाहीत, हे आपण आपल्या तोंडानं दिलेले शब्द आहेत, असं ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवले. काका मात्र जेवले नाहीत.

"चौथं काय हाय?" त्यांनी काकीला विचारलं.

"खोटं बोलायचं न्हाई."

"मंग चौथं म्हनून झाल्याबराबर पाचव्याला मी खोटं बोलू का?"

"मंग पिऊ नगा."

"ते येगळं हाय," काका म्हणाले.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच गावातल्या शाळेत मास्तरीण झाले होते आणि काकांच्याच घरी राहत होते. हातात छडी, अंगावर इस्त्रीची साडी, आणि मनात कायम धास्ती. तपासणीचे साहेब येणार अशी नुसती वार्ता आली तरी माझ्या हातातला खडू तुटायचा. पण मी शिकलेली होते, म्हणून घरातली सगळी अवघड कामं माझ्याकडे यायची. काकांची दारू सोडवणं हे त्यातलंच एक.

कारण आता काम अडलं होतं. काकांची मुलगी, म्हणजे माझी चुलत बहीण, तिचं लग्न वैशाखात ठरलं होतं. सोयरे वारंगा फाट्याचे. व्याह्यांचं तिथे चहा-भज्यांचं हॉटेल होतं आणि वरात मोठी येणार होती. बौद्ध पद्धतीचं लग्न म्हणजे मांडवात आधी वंदना, आणि भोंगा लावलेला. माझी बहीण काकांसमोर उभी राहिली. ती माझ्यापेक्षा धाकटी, पण घरात तिला सगळेच वचकून असत.

"बाबा, माह्या लग्नात वंदना तुमीच सांगायची," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनी सांगितली तं लोकं इचारतील काहून. आन् तुमी पाचव्याला गप बसले तं लोकं काहीच इचारनार न्हाईत."



"नुसतं म्हनून टाकीन म्हनलं तं चालंल का?" काकांनी हळूच विचारलं.

"तुमाला चालंल का?"

त्यांना चालणार नव्हतं, हीच तर पंचाईत होती. वाड्याच्या पंच कमिटीचे अध्यक्ष मुद्दाम येऊन समजावून गेले. हे अध्यक्ष स्वतः दिवस मावळला की वाड्यामागच्या बाभळीकडे फेरफटका मारायला जायचे आणि गाणं म्हणत परतायचे. ते म्हणाले, "आरं बाबा, आमी म्हनतोच की. तोंडानं म्हनायला काय तकलीफ हाय?" काका म्हणाले, "तुमी म्हना. तुमचं तोंड हाय."

मग इलाज सुरू झाले. शेजारच्या म्हातारीनं एका देवऋषीचं नाव सांगितलं. काका म्हणाले, "देव सोडून दिले आपुन, आन् आता दारूपायी त्यांच्याकडं जाऊ? काय म्हनतेल ते?" कुणी माळ घालायचा सल्ला दिला, त्यालाही हेच उत्तर. कुणी फाट्यावरच्या जडीबुटीवाल्याची पुडी आणून दिली. काकीनं ती गुपचूप पिठल्यात कालवली, आणि त्या दिवशी दारू नाही, पण पिठलं मात्र सगळ्या घरानं सोडलं. शेवटी मी हिंगोलीचा सरकारी दवाखाना सुचवला आणि सुचवल्याक्षणी पस्तावले, कारण घेऊन कोण जाणार?

डॉक्टर तरुण होता, परमुलखातला, अर्धं हिंदी अर्धं मराठी बोलणारा. मी शाळेत पाठ दिल्यासारखी काकांची हकीकत सांगायला लागले. त्यानं मला हातानंच थांबवलं आणि काकांकडे वळून विचारलं, "काका, पीते कब हो?"

"बाजारात जायच्या आंधी," काका म्हणाले. "एसटीत बसायच्या आंधी. पावन्यांच्या घरी जायच्या आंधी. तलाठ्याकडं जायच्या आंधी."

"और यहाँ आने के पहले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. "थोडीशी."

मी खिडकीबाहेर बघू लागले.

"और खुशी में?"

"खुशीत कशाला पिऊ? खुशीत बरंच वाटून ऱ्हातं की," काका म्हणाले.

डॉक्टर हसला. मग मान तिरकी करून म्हणाला की तुमचं दुखणं आधी भीतीच्या धडधडीचं आहे. दारू हे तुम्ही स्वतःच शोधलेलं औषध, आणि आता त्या औषधाचंच दुखणं झालंय. त्यानं गोळ्या दिल्या. हात थरथरतील, घाम फुटेल, झोप येणार नाही, तेव्हा माणसांत राहा, पोटभर खा, आणि दर बाजाराच्या दिवशी मला तोंड दाखवा. फार थरथर झाली तर बाजाराची वाट न बघता तडक या. काका उठायला लागले तसा तो आणखी एक गोष्ट म्हणाला. धडधड सुरू झाली की ती लपवू नका, शेजारच्याला सांगा.

काकांनी ते मनावर घेतलं. भन्तेजींचं घेतलं होतं तसंच.

परतीची एसटी खच्चून भरलेली. गाडी हिंगोलीबाहेर पडली आणि काकांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी समोरच्या दांडीला घट्ट धरलं, मान ताठ केली, आणि वंदना सांगायच्या आवाजात म्हणाले, "मला धडधड होऊन राहिली."

सगळ्या गाडीच्या माना वळल्या. कंडक्टर गर्दीतून वाट काढत आला. "उतरायचं हाय का?"

"न्हाई. डाक्टरनं सांगायला सांगितलं, म्हनून सांगून राहिलो."

मला वाटलं, आता गाडीच्या फळ्या फाटाव्यात आणि मी खाली डांबरावर पडावं. पण पुढच्या बाकावरच्या पटकेवाल्या म्हाताऱ्यानं मागे वळून विचारलं, "कशाची धडधड?"

"कशाचीच न्हाई."

"मंग माह्यासारखीच हाय," म्हातारा म्हणाला आणि समाधानानं पुन्हा पुढे वळला.

मांडीवर पाटी घेतलेली एक बाई म्हणाली, "मला तं रोज सकाळी व्हती, बाप्पा. चूल पेटली का जाती." कंडक्टर म्हणाला की त्याला सारखं वाटतं, टपावरून कुणाचं तरी गाठोडं पडलं. एकानं सांगितलं की त्याला सासऱ्याची भीती वाटते. दुसऱ्यानं विचारलं, "सासरा हाय व्हय आजून?" तो म्हणाला, "न्हाई, वारला. तरीबी वाटती." ड्रायव्हर आरशात बघून ओरडला, "मागं गप बसा, न्हाई तं मलाबी व्हईन."

आणि त्या भरात, देवाशप्पथ म्हणायची आमच्यात सोय नाही म्हणून नुसतंच सांगते, मी पण बोलून गेले, "मला तपासणीच्या साहेबांची भीती वाटते."

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, तुमाला? आमचं पोरगं तं म्हनतं, बाईला साहेब भ्येतो."

तो माझ्या वर्गातल्या एका पोराचा बाप होता. पुढच्या तपासणीला खडू तुटला नाही असं मी म्हणणार नाही. पण तुटला तेव्हा मी पोरांकडे बघून हसले, पोरं माझ्याकडे बघून हसली, आणि साहेबांना वाटलं की वर्ग फार खेळीमेळीचा आहे.

काकांचे पहिले काही दिवस मात्र फार वाईट गेले. हातातला चहा बशीत, बशीतला धोतरावर. काकी शेंगा फोडायला त्यांच्याजवळ बसायची आणि त्यांना गप्प बसू द्यायची नाही. "काय व्हऊन राहिलंय ते बोला," म्हणायची. काका बोलायचे. सगळ्या वाड्याला ऐकू जायचं. मग हळूहळू घाम ओसरला, भूक आली, आणि एका शनिवारी काकांनी जाहीर केलं की उद्या पाचवं शील म्हणेन.

त्याच दिवशी त्यांना लग्नाचं बोलायला वारंगा फाट्याला जावं लागलं. एकटेच गेले. रविवारी विहारात चार शीलं झाली आणि काकांचं तोंड मिटलं. काकीलाही इतकं अनपेक्षित होतं की तिचा आवाजही उशिरा उठला. घरी आल्यावर बहिणीनं त्यांच्यापुढे भाकरीची ताटली ठेवली आणि ती शेतात निघून गेली. काकांनी ताटलीला हात लावला नाही.

बाजाराच्या दिवशी डॉक्टरनं विचारलं, "फाट्यावर धडधड झाली तेव्हा कुणाला सांगितलं?"

"कोनालाच न्हाई," काका म्हणाले. "व्याह्याला कसं सांगू? पोरीचा सासरा तो."

डॉक्टरनं मान डोलावली. गोळ्या दिल्या आणि पुढच्या बाजाराला बोलावलं.

इकडे विहारात भलतंच होऊन बसलं होतं. आता खात्री झाल्याशिवाय शब्द द्यायचा नाही म्हणून काका पाचव्याला गप्पच राहायचे, त्यामुळे त्या शांततेत मागून कोण म्हणतं ते स्पष्ट ऐकू यायचं. आणि म्हणणाऱ्याकडे शेजारचा मान वळवून बघायचा. काल संध्याकाळी बाभळीकडे दिसलेला माणूस पाचवं म्हणायला लागला की पोरं खुसखुसायची. आधी शिवणकाम करणारा गप्प झाला, मग गवंडी, मग त्याचा मेव्हणा. एका रविवारी खुद्द अध्यक्षांनी पाचव्याच्या वेळी टोपी काढून आत काहीतरी शोधायला सुरुवात केली. लग्न जवळ येईतो पाचवं शील ही फक्त बायकांची गाथा होऊन बसली होती.

लग्नाच्या दिवशी ऊन असं की मांडवाचं कापड शेकत होतं. वरात आली, वर-वधू पांढऱ्या कपड्यांत उभे राहिले, भोंग्यानं दोनदा शिट्टी मारली. काकांनी माईक हातात घेतला. फाट्याहून आल्यापासून त्यांनी थेंबाला हात लावला नव्हता, हे आम्हाला ठाऊक होतं. पण बहीण मान खाली घालून नव्हती उभी. ती सरळ बापाच्या तोंडाकडे बघत होती.

पहिलं झालं. दुसरं, तिसरं. चौथं. सगळा मांडव मागून म्हणत होता. काका थांबले. काकीनं पदर सावरला, लागलाच तर आवाज उचलायचा म्हणून.

मग काकांनी पाचवं शील म्हटलं. सगळं, एकाही शब्दावर न अडखळता. भोंगा थरथरला आणि पलीकडच्या शिवारातले बैल... जाऊ द्या.

मागून मात्र पुरुषांचा आवाजच आला नाही. आमच्या वाड्यातल्या पुरुषांना गप्प राहायची सवय लागलेली. त्यांना गप्प बघून वऱ्हाडी मंडळींना वाटलं, या गावची रीत असेल. तीही थांबली. नवरदेवाच्या बापानं तोंड उघडलं, इकडेतिकडे पाहिलं आणि मिटलं. बायकांनी तेवढं म्हटलं. आणि नवरीनं म्हटलं, मांडवातल्या सगळ्यांच्या वर, बापाच्याच आवाजात. इतकी वर्षं आम्हाला कळलं नव्हतं की तो आवाज तिच्याकडे आहे. नवरदेवानं दचकून तिच्याकडे पाहिलं आणि तोही घाईघाईनं म्हणाला, उशिरा आणि चुकीचं.

जेवणाच्या पंगतीत मी भात वाढत होते. व्याही काकांच्या शेजारी बसले होते. बराच वेळ ते वरणात बोट फिरवत राहिले.

"पावनं," ते हळूच म्हणाले, "ते हिंगोलीचं डाक्टर कोन्या दिवशी भेटतं?"

काकांनी घास खाली ठेवला. "बाजाराच्या दिवशी. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसतो, तुमी फाट्यावरून गाडी धरून या." मग त्यांनी डॉक्टरसारखी मान तिरकी केली. "तुमाला भ्या कशाचं वाटतं?"

व्याह्यांनी मांडवाच्या त्या टोकाला पाहिलं. तिथे माझी बहीण, हातातले हार बाजूला ठेवून, वाढप्यांना पंगत कशी वाढायची ते सांगत होती.

"आजपसून तं तुमच्या पोरीचं," ते म्हणाले.

"ते मलाबी वाटतं," काका म्हणाले. "त्याला गोळी न्हाई."