बिनआवाजाचं दूध

काही माणसं किस्से सांगतात आणि काहींच्या अंगाला किस्से चिकटतात, रानातून येताना लुगड्याला कुसळं चिकटावीत तसे. आमची वर्षा दुसऱ्या प्रकारातली. ती स्वतः कुणाला काही सांगत नाही. मीच सांगत फिरते, आणि सांगून झालं की दर वेळी वाटतं, कशाला तोंड उघडलं? तरी सांगतेच. आता सुद्धा बघा, बसलेच ना सांगायला!

लातूरच्या एका ज्युनिअर कॉलेजात आम्ही चौघं एका टेबलावर डबा खातो. मी संध्या. बावीस वर्षं केमिस्ट्री शिकवायले, परीक्षानळीत दिसेल तेवढंच मानते. गित्ते सर गणिताचे, अहमदपूरकडचे, शनिवारी कॉलेज सुटलं की गावाकडं पळणारे. शेख मॅडम इंग्रजीच्या. आणि वर्षा बायोलॉजीची, आमच्यात सगळ्यात लहान, आणि व्हेगन.

हा शब्द तिनं पहिल्यांदा उच्चारला तेव्हा गित्ते सरांनी विचारलं, कोणत्या वारी असतो? शेख मॅडमना वाटलं, कांदा-लसूण चालत नसेल. मग तिनं बैजवार सांगितलं, की मटण-अंडी तर नाहीच, पण दूध, दही, ताक, लोणी, तूप, मध, जनावराकडून आलेलं काहीच नाही. सर बराच वेळ भाकरी हातात धरून विचार करत बसले.

मग म्हणाले, "मॅडम, तूप म्हणजे दूध न्हाई. तूप म्हणजे तूप हाय!"

*

आम्ही लई हसलो, पण तिनं दूध का सोडलं ते कळलं तेव्हा आमची तोंडं मिटली.

आमच्याकडं यायच्या आधी वर्षाला मुलगी झाली होती. तिसऱ्या दिवशी गेली. लेकरू गेलं, पण दुधाला कोण सांगणार? पान्हा येतच राहिला, दहा-बारा दिवस. ब्लाउज भिजायचा आणि ही मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची. त्या दिवसांपासून तिला दुधाचा पेला तोंडाला लावता येईना. पुस्तकं, व्हिडिओ, व्हेगन हा शब्द, सगळं नंतर आलं. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, मांडीवर एक जिवंत लेकरू. बाकी कशाचाच तिचा हट्ट नसायचा.

एकदा कॅन्टीनवाल्या मावशीनं चुकून आमच्यातलाच चहा तिच्यापुढं ठेवला. तिनं कप उचलला, तोंडाजवळ नेला आणि परत टेबलावर ठेवला. म्हणाली, "यात म्हैस रेकायली."

आम्ही हसलो. ती पण हसली. आमचं हसू थांबलं तरी तिचं डोकं कपाकडं कललेलंच होतं.

मी तिला चिडून सांगितलं, की कान तपासून घे, इथं विज्ञान शाखेचा स्टाफ बसतो. ती बरं म्हणाली.

*

पुढं नांदेडला पेपर तपासणीची मीटिंग होती. दुपारी आम्ही चौघं स्टँडजवळच्या एका हॉटेलात शिरलो. व्हेगन माणसाला घेऊन हॉटेलात जाणं म्हणजे काय असतं ते मला विचारा! वेटरला पोलिसासारखं विचारावं लागतं. फोडणी तेलाची का? हो. दही? नाही. बटर? नाही. रोटीला वरून काही लावता का? नाही, कोरडी. शेवटी वेटरच वैतागला. म्हणाला, "मॅडम, डॉक्टरनं सांगितलं असंल तर घरूनच डबा आणायचा ना."

अख्खा मसूर आला, ज्वारीची भाकरी आली. वर्षानं घास मोडला आणि थांबली. वाटी हळूच बाजूला सरकवली. "संध्याताई, यात आहे," म्हणाली.

माझं डोकं सरकलं. खाल्लं नाही, वास घेतला नाही, आणि आहे म्हणते! मी थेट आचाऱ्याला बाहेर बोलावलं. तो शपथा घ्यायला लागला. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, लेकरांची आण. मग शेख मॅडमनी त्याला गोड आवाजात विचारलं, की भैया, मसूर इतका मऊ कसा झाला?

"दोन चमचे साय टाकली," तो म्हणाला. "साय म्हणजे दूध हाय का?"

आम्ही कपाळावर हात मारला. पण तो काही आत जाईना. वर्षाकडंच बघत होता. खाल्ल्याबिगर कसं कळलं म्हणून त्यानं तिला विचारलं. वर्षानं त्याला उलट विचारलं, की म्हशीचं रेडकू कधी मेलं?

तो म्हणाला, परवाच, घरचीच म्हैस हाय. मग तुमाला कुणी सांगितलं म्हणून त्यानं पुन्हा विचारलं, पण आम्ही बिल देऊन निघालो.

गाडीत वर्षानं पहिल्यांदा उलगडून सांगितलं. सगळ्या दुधाला आवाज नसतो. पिल्लू पिऊन उरलेलं असेल तर दूध गप्प असतं. ज्याचं पिल्लू गेलेलं असतं, तेच दूध बोलतं. हे ती अशी सांगत होती, जशी मी पोरांना आम्ल आणि अल्कली सांगते.

*

गित्ते सर हिशोबी माणूस. त्यांनी तिची परीक्षा घ्यायचं ठरवलं.

सोमवारी गावाकडून दह्याचा डबा आणला आणि झाकण न काढता तिच्यापुढं ठेवला. त्यांची म्हैस महिन्याभरापूर्वी व्यालेली. वगार, म्हणजे मादी रेडकू झालं होतं, आणि सरांनी तिचे फोटो सगळ्या स्टाफला पाठवले होते. म्हणजे हे दही गप्प असायला पाहिजे.

वर्षा डब्याकडं बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "सर, वगार गेली का हो?"

सरांना असा आनंद झाला! टेबलावर थाप मारून म्हणाले, की पकडलं का न्हाई मॅडमला! वगार ठणठणीत हाय. परवाच गोठ्यात जाऊन मी स्वतः तिच्या पाठीवरून हात फिरवला. लई गुणाची हाय. म्हैस तिला चाटायली आणि ती जागची हलायली सुद्धा न्हाई.

बोलता बोलता सर मध्येच थांबले.

तिथूनच त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ आधी म्हणाला, चांगली हाय की. मग म्हणाला, दादा, तू चिडशील म्हणून सांगितलं न्हाई. वगार दहा दिवसांपूर्वीच गेली होती. म्हैस पान्हवेना, धार काढू देईना. म्हणून भावानं कातड्यात भुसा भरून वगार परत गोठ्यात उभी केली होती. जुनी रीत आहे ती आमच्याकडं, नवीन काही नाही. म्हैस चाटते, चाटता चाटता पान्हवते आणि खालून माणूस धार काढून घेतो.

सरांनी फोन ठेवला आणि ज्या हातानं पाठ कुरवाळली होती तो हात पँटला पुसला. नंतर नळावर जाऊन धुतला. तास संपल्यावर परत धुतला. त्या दिवसापासून सरांच्या डब्यात दही नाही. कुणी विचारलं तर पित्त झालंय म्हणतात.

*

त्याच वर्षी वर्षाला परत दिवस गेले. आम्हाला आनंद झाला आणि तिच्या घरी लढाई सुरू झाली.

सासूबाई म्हणायच्या, दूध न घेता पोटातलं लेकरू वाढणार कशावर? डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. डाळी, शेंगदाणे, तीळ, राजगिरा असं सगळं कागदावर मांडून दिलं होतं. पण सासूबाईंना कागद पटेना. त्या वाईट नव्हत्या. एक नात हातातून गेलेली बाई ती, भीतीनं वेडी झाली होती.

एकदा त्यांनी वर्षाला सांगितलं, आज साध्या भाकरी दिल्यात. वर्षानं डबा उघडला आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. डबाभर दशम्या होत्या, दुधात मळलेल्या!

मी विचारलं, आता कोणती म्हैस?

"पिशवीचं दूध आहे ताई," ती म्हणाली. "एक असती तर सोसलं असतं. अख्खा बाजार भरलाय."

आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. पंखा चालू होता आणि बाहेर पोरांचा गलका होता. तरी त्या दिवशी दशम्यांना कुणी हात लावला नाही. शेख मॅडमनी आपला डबा तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाल्या, खट्टी दाल है, खा, इसमें कोई नहीं है.

घरी जाऊन वर्षा भांडली नाही. डबा धुऊन पालथा घातला आणि सासूबाईंना म्हणाली, दशम्या छान झाल्या होत्या. सासूबाईंना काय कळायचं ते कळलं. त्या रडल्या, असं वर्षाच सांगत होती.

पुढं सातव्या महिन्यात त्यांनीच डोहाळजेवण केलं, आणि काय केलं म्हणता! पुरणपोळी तेलावर भाजलेली, सोबत शेंगदाण्याच्या दुधाची वाटी. भरीत, ठेचा, तिळाची चटणी, येसर आमटी. अख्ख्या पंगतीत जनावराचा थेंब नाही. नातेवाईक बायका कुजबुजत होत्या, की तुपाला एवढी कंजुषी? वर्षानं शेंगदाण्याच्या दुधाची वाटी कानाला लावली आणि सगळ्यांदेखत सासूबाईंना म्हणाली, "आत्या, किती शांत आहे हो."

गित्ते सरांनी पानावर बसल्या बसल्या शंका काढलीच. मॅडम, उद्या लेकरू झाल्यावर आईचं दूध चालतंय का तुमच्यात?

"ज्याचं त्याला मिळालं तर चालतं की," वर्षा म्हणाली.

*

लेकरू आठव्या महिन्यातच झालं. माहेरी गेली होती, तिथंच, नांदेडच्या एका दवाखान्यात. मुलगा, पावणेदोन किलोचा. आपल्याकडं म्हणतात तसं, काचेत ठेवला.

चौथ्या दिवशी मी आणि शेख मॅडम सकाळच्या गाडीनं गेलो. लेकरं खालच्या मजल्यावर काचेत, आया वरच्या मजल्यावर खाटांवर. दर दोन तासांनी आयांनी वाटीत दूध काढायचं, झाकण लावायचं आणि घरच्या कुणीतरी ते खाली सिस्टरकडं न्यायचं. प्रत्येक वाटीला पांढरी पट्टी आणि पट्टीवर लेकराचा नंबर. वर्षाचा दोन. शेजारच्या खाटेवर हिमायतनगरकडची एक पोरगी होती, विशी-बाविशीची, तिचा चार.

वर्षाचा नवरा औषधाला गेला होता. सासूबाई बसल्या जागी पेंगत होत्या. वर्षाचे टाके दुखत होते. म्हणून तिनं वाटी माझ्या हातात दिली. शेजारची पोरगी लाजत म्हणाली, ताई, तुमी चाललाव तर माझी पण न्या, आमचं माणूस जेवायला गेलंय. मी म्हटलं, आण की. दोन हातात दोन वाट्या घेतल्या आणि निघाले.

जिन्याच्या वळणावर आवाज आला.

मी सांगितलं ना, मी परीक्षानळीतलं मानणारी बाई आहे. आधी वाटलं, खालचं मशीन असेल. मग वाटलं, कुणी कण्हतंय. म्हैस नव्हती ती. बाईमाणसाचा आवाज होता, शब्द नसलेला, लांबून कुणाला तरी हाका मारणारा. माझ्या हातातून येत होता. एकाच हातातून.

डाव्या की उजव्या, ते मला कळत होतं. पण कोणत्या हातात कोणता नंबर आहे ते आठवेना, आणि पट्टीकडं बघायची हिंमत होईना. दोन वर्षं मी जिला वेड्यात काढलं, तिचं लेकरू खाली होतं. तिची पहिली गेलेली होती. मी देवाबिवाला मानत नाही, तरी त्या जिन्यात उभी राहून मी त्याला नको नको ते बोलले. मग बघितलं.

चार.

खोटं कशाला बोलू? मला आनंद झाला. भर दिवसा, दवाखान्याच्या जिन्यात.

खाली गेले. सिस्टरनं दोन नंबरची वाटी घेतली. म्हणाली, तुमचं बाळ आज छान ओढायलंय, वजन पण वाढलं, सांगा आईला. मी दुसरी वाटी पुढं केली. तिनं हात पुढं केला नाही. पट्टी वाचली, एकदा मागं वळून बघितलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, "ती राहू द्या. डॉक्टर वर येऊन सांगतील. तुम्ही काही बोलू नका."

वाटी कुठं ठेवावी मला सुचेना. फेकवेना. तशीच घेऊन जिना चढले. आवाज थांबला नव्हता.

दारातून वर्षानं माझ्या हातातल्या वाटीकडं बघितलं, मग शेजारच्या खाटेकडं, आणि मान खाली घातली. ती पोरगी मात्र केस विंचरत बसली होती. मला बघून तोंडभर हसली.

"ताई, पिलं का वो?"