संत अधिक त्री

संत्री पहिल्यांदा समोर आला तेव्हा मास्तरांना तुरुंगाची भिंतच मिशा लावून हजेरी घ्यायला आल्यासारखं वाटलं असावं. पण त्या फाटक्या अंगाच्या कैद्याने चष्म्यावरून असं काही पाहिलं, की बेरीज चुकल्यागत सहा फुटी संत्रीने पोट आत घेतलं.

मास्तरांना शब्दांचं वेड, संत्रीला हुद्द्याचं. "संत अधिक त्री. तिन्ही त्रिकाळ जागा असणारा संत," असं सांगून त्याने अकरा वर्षं सासूबाईंना धाकात ठेवलं होतं. एकदा हे बराकीत चारचौघांत ऐकवलं.

"संतांचा संबंध नाही हो," मास्तर म्हणाले. "साहेबाच्या पलटणीतला सेंट्री. पहाऱ्यावर उभा राहणारा. आपल्या जिभेवर त्याचा संत्री झाला."

"होय का? मी समजत होतो, सोलून खायचा," हवालदार म्हणाला.

बराक फुटेस्तोवर हसली.

त्याच दुपारी मास्तरांनी बहिणीसाठी पत्र दिलं. भेट रविवारी नाही, बुधवारी आहे, एवढंच कळवायचं होतं. टपालपेटीपर्यंत पत्र नेणं संत्रीचं काम. त्याने ते खिशात घातलं. राहू दे दोन दिवस. दोनाचे सहा झाले.

रविवारी बहीण दोन गाड्या बदलून फाटकाशी हजर.

"आज भेट नाही, मावशी. बुधवारी आहे," संत्री म्हणाला.

"पत्र आलं असतं तर कशाला आले असते, बाबा? टपालवाल्यांचं हे असंच."

ती बाकावर गुडघे चोळत बसली. त्याने पाणी आणून दिलं. "तुझ्यासारखा भला माणूस आत आहे, म्हणून जिवाला घोर नाही," ती म्हणाली. त्याने खिशातल्या पत्रावर हात दाबून धरला.

बुधवारी ती आली नाही. गुडघे सुजल्याचं आणि पत्र न मिळाल्याचं तिने कळवलं. मास्तरांनी टपालखात्याविरुद्ध चार पानी तक्रार लिहिली, शुद्धलेखन तपासलं आणि पेटीत टाकायला संत्रीच्याच हातात दिली. ती मात्र त्याने धावत जाऊन टाकली.

"अहो, सांगून टाका एकदाचं," बायको म्हणाली. "खाणार थोडेच आहेत ते?"

"सुटतील तेव्हा सांगतो. फाटकावर, हात जोडून."

महिनाभर दाढी करताना तो आरशापुढे घोकत होता, "मास्तर, पत्र टपालाने नाही, मी अडवलं." दोनदा गाल कापला.

मास्तर मंगळवारी सुटले. मंगळवारी संत्रीची साप्ताहिक सुट्टी असते.