पतंगाचा लाल कागद

दोन महिन्यांपूर्वी आमच्या वर्कशॉपमध्ये कसबा बावड्याचा एक शेतकरी आला. त्याच्या इंजिनाचा पंप पाणी ओढत नव्हता. "फूटव्हॉलात शेवाळ बसलंय, पर उतरायला कोण न्हाय. बाबगोंडा गेला की," तो म्हणाला.

मी लेथ चालूच ठेवला. "कुठं गेला?"

"कुठं म्हंजे? वारला. काविळीनं. पंधरा दिस झालं."

मग तो पुन्हा पंपाचं बोलू लागला आणि मीही त्याला पंपाचीच उत्तरं दिली…

विहिरीच्या तळाशी, पंपाच्या पाइपाच्या टोकाला, जाळीचा फूटव्हॉल असतो. त्यात गाळ अडकला की बुडी मारून तो हातानं साफ करावा लागतो. बावड्याच्या शिवारात हे काम बाबगोंडा करायचा. घर जैन शेतकऱ्यांचं, हा धाकटा. संस्थान विलीन झालं त्याच्या आदल्या वर्षी तो पहिल्यांदा माझ्याकडं आला, काखेत बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन. डब्याला पुढून काच बसवून कडेच्या फटीत खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरली होती आणि आत जत्रेतल्या फोटोवाल्याचा जुना बॉक्स कॅमेरा होता. खटका ओढायला भोकातून दोरा काढून भोवती मेण लावलं होतं.

"मिस्त्री, ह्यात पाणी शिरतंय. काय तरी करा."

"पाण्याखाली फोटो कशाचा काढणार रं?"

"खाली काय हाय त्ये तुम्ही कवा बघितलंय व्हय?" तो म्हणाला.

त्या डब्यातून निघालेले फोटो म्हणजे नुसतं करडं धुकं होतं. मी त्याला पितळेची पेटी करून दिली, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची कडी बसवली. आत आता घडीचा कॅमेरा आला. पण फिल्म पुढं सरकवायला दर वेळी वर येऊन, हात पुसून, पेटी उघडावी लागे. एका श्वासाला एक फोटो. त्यामुळं बाबगोंडा थांबायला शिकला. पाइपाला धरून तळाशी बसायचा, मासा आपण होऊन समोर येईपर्यंत खटक्याला हात लावायचा नाही. आपल्या पिलांच्या घोळक्यावर राखण करणाऱ्या मरळ माशाचा फोटो त्यानं असाच मिळवला. तो बघून त्याचा थोरला भाऊ म्हणाला, "मासं मारलं तर पाप लागतंय. मासं बघून काय पुण्य लागतंय गा?"

"पुण्य न्हाय लागत," बाबगोंडा म्हणाला, "पर मासं पळून बी जात न्हाईत."

मग त्यानं भावाला न विचारता एक म्हैस विकली आणि बारीक रिळाचा छोटा कॅमेरा आणला. घरात आठ दिवस कुणी त्याच्याशी बोललं नाही. मी पेटीच्या भिंतीतून एक दांडी आत नेली, तिच्याभोवती तेलात भिजवलेला सुती दोरा ठासला. आता फिल्म पाण्याखालीच सरकू लागली. एका बुडीत तीन-चार फोटो निघायला लागले आणि त्याची नजर सैल झाली. माशांपलीकडंही तो बघू लागला: कपारीतलं कासव, पायरीवर वाकून भरल्या जाणाऱ्या घागरीचा बुडाकडचा भाग, पाण्यात तिरपा उतरणारा उजेड.

खोल विहिरीत हा उजेड मध्यान्हीला अर्धा तासच असतो. त्याआधी आमचं एक काम ठरलेलं होतं. रिकाम्या पेटीत पतंगाचा लाल कागद घालायचा, पेटी दगड बांधून तळाला सोडायची, पान खाऊन होईपर्यंत ठेवायची. पाण्याचा थेंब जरी लागला तरी त्या कागदाचा रंग पितळेवर उतरतो. कागद कोरडा निघाला तरच कॅमेरा आत. हे मी करायचं, कारण त्या वेळी बाबगोंडा डोळे मिटून श्वास शांत करत बसलेला असे.

त्या दिवशी मी एका साखरपुड्याच्या जेवणावरून विहिरीवर उशिरा पोचलो. ऊन सरकायला लागलं होतं. रबराची कडी आदल्या दिवशीच नवी कापली होती आणि मला माझ्या हाताचा भारी भरवसा. मी पेटी पाण्यात सोडलीच नाही. कॅमेरा सरळ आत घालून स्क्रू आवळले.

डोळे न उघडता त्यानं विचारलं, "कागद?"

"कोरडा हाय," मी म्हणालो.

तो वर आला तेव्हा पेटीतून बुडबुडे येत होते. काठावर उघडली तर आत पाणी, गाळ आणि कॅमेरा. मी बोलायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "मिस्त्री, चूक माझी. तळाला दगडाला घासली जरा. तुमचं एवढं काम वाया घालवलं…" त्याचे ओठ गारठ्यानं निळे पडले होते.

मी म्हणालो, "असू दे. हुतंय असं."

म्हणजे मी त्याला माफ केलं.

कॅमेरा दुरुस्त झाला नाही आणि त्यानं दुसरा घेतला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "झाली की हौस." फूटव्हॉल मात्र काढत राहिला. अधूनमधून वर्कशॉपवर येऊन उभा राहायचा आणि मी लेथ बंद करायचो नाही, बोलणं होऊ नये म्हणून. पुढं त्याचं येणं कमी झालं. अशी पाच वर्षं गेली.

मागच्या रविवारी बावड्याला गेलो. त्याच्या बायकोनं, सुमतीवहिनींनी, मला त्याच्या खोलीत बसवलं. भिंतीवर एकच फोटो होता, मी कधी न पाहिलेला. विहिरीच्या पाण्याखालून वर बघून काढलेला. हलणारं गोल आभाळ आणि त्याच्या कडेला आत वाकलेलं एक काळं डोकं.

"वळखलं न्हाय व्हय, भावजी?" वहिनी म्हणाल्या. "तुम्हीच की. सगळी इचारत्यात, मासं सोडून हे काय लावलंय. मी सांगतो, ह्यांचं मिस्त्री. त्ये म्हणायचं, एवढं नुकसान केलं तरी मिस्त्रीनं कवा बोल लावला न्हाय."

मग मी सांगितलं. जेवण, कडी, कागद, सगळं.

वहिनींनी दाराची चौकट धरली. "त्येंनी सा म्हैनं पाण्यात हात मारून तो दगड धुंडाळला," त्या म्हणाल्या. "म्हणायचं, कुठला दगड लागला त्येच घावंना." मग म्हणाल्या, "हे त्येंना सांगायला पायजे हुतं, भावजी."

"फोटो काढून ठेवा," मी म्हणालो.

"मी न्हाय काढायची. त्येंनी लावलाय."

त्या जनावरांना वैरण टाकायला मागं गेल्या. मी एकटाच बसून राहिलो. एका श्वासाला एकच फोटो निघायचा तेव्हा माझ्यावर तो खर्च करणं त्याला परवडलं नसतं. चार निघायला लागले, तेव्हा त्यातला एक त्यानं वर वळून माझ्यासाठी घालवला. त्या फोटोत माझा चेहरा दिसत नाही. नुसतं एवढंच कळतं, की वर कुणीतरी आहे, आणि खालचा माणूस ते बघून निर्धास्त आहे…