मागून येणाऱ्या चपला

दहावी झाल्यावर आईबाबांनी मला गडचिरोलीकडच्या आमच्या गावातून चंद्रपूरला आत्याकडे ठेवलं. आत्या दवाखान्यात आया होती. एकटीच राहायची, आणि राग तिच्या नाकावर असायचा. माझाही तिथंच असायचा. बाबा म्हणाले होते, एका खोलीत दोन माचिसी ठेवून राह्यलो, काय होते ते पाहू.

सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी एका फोटो स्टुडिओच्या वरच्या खोलीत ॲनिमेशनचा क्लास. साल दोन हजार नुकतंच उलटलं होतं. आमच्या वस्तीत कोणाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि मी तिथं बसून चित्रं हलवायला शिकत होते, त्यामुळे माझी ऐट काही विचारू नका. ऐट फक्त जिन्यापर्यंत टिकायची. माऊसनं साधा गोल काढायचा तर बटाटा व्हायचा. त्यात माऊसच्या पोटातल्या गोळीला चंद्रपूरच्या हवेतली कोळशाची काळी भुकटी चिकटायची, रेघ मध्येच अडायची. मग गोळी काढून ओढणीला पुसायची. आत्या ओढण्या धुताना माझा उद्धार करायची.

ड्युटी संपली की ती मला घ्यायला यायची. जिन्याखाली उभी असायची. मी उतरले की म्हणायची, "चाल पुढं." मी पुढं, ती मागं, रोज. लहानपणी तापात तिचा डावा पाय अधू झाला होता, आणि आपलं चालणं कोणी पाहिलेलं तिला खपत नसे. विहारात ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसायची आणि सगळे गेल्यावर उठायची. लग्नाकार्यातल्या झाडून सगळ्या फोटोंत ती बसलेलीच. हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही बोलत नव्हतं. मीही बोलले नाही. मला आत्या फार आवडायची, तिच्या शिव्यांसकट.

क्लासमध्ये पहिला मोठा धडा माणूस चालवण्याचा. एक पाऊल म्हणजे बरीच चित्रं. प्रत्येक चित्रात पाय थोडा थोडा सरकवायचा, आणि मागच्या चित्राची फिकट सावली खाली दिसते तिच्या आधारानं पुढचं काढायचं. मी एक छत्रीवाला, मिशीवाला बुवा काढला. दिसायला झकास होता. चालायला लावला की ओल्या फरशीवर साबण घसरावा तसा जायचा. सर शांत माणूस. म्हणाले, याच्या पायात वजन नाही. मी पुन्हा काढला. पुन्हा तेच. कधी काम जमत आलं की लाईट जायची आणि सेव्ह न केलेला बुवाही तिच्याबरोबर जायचा. एकदा मी इतकी वैतागले की माऊस आपटला आणि सरांनी मला पाणी प्यायला पाठवलं.

त्याच संध्याकाळी घरी येताना मी मनातल्या मनात बुवाला शिव्या घालत होते. मागून आत्या येत होती. टप्प, सर्रर्र. टप्प, सर्रर्र. रोजचाच आवाज. पण त्या दिवशी माझी बोटं आपोआप वहीवर तो ठेका धरायला लागली. एक पाऊल झटकन पडत होतं, दुसरं वेळ घेत होतं. मी तर दोन्ही पावलांना सारखीच चित्रं देत बसले होते!

दुसऱ्या दिवशी बुवाच्या एका पायाला चित्रं कमी केली, दुसऱ्याला वाढवली, आणि तो पाय जमिनीवरून ओढत नेला. बुवा चालायला लागला. खरंच चालायला लागला, कुठंतरी पोचायचं असल्यासारखा. सरांनी खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली आणि विचारलं, हे कुठून आणलं. मी म्हटलं, असंच. मिशीवाल्या बुवात आत्या कोणाला दिसणार होती?

पुढच्या रविवारी सरांनी पालकांना बोलावलं. आत्या अर्थातच सर्वांत आधी येऊन पुढच्या खुर्चीत बसली. सरांनी कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडला. कोणाचा चेंडू उडाला, कोणाचा मासा पोहला, आणि मग माझा बुवा आला. लोक हसले, टाळ्या पडल्या. सर म्हणाले, हे पाहा, याला म्हणतात जिवंत चालणं, आणि कौतुकानं त्यांनी तो तसाच फिरत ठेवला. बुवा डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे.

मी आत्याकडे पाहिलं. ती हसत नव्हती. तिनं हळूच दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

जन्मभर जे तिनं कोणाला दिसू दिलं नाही, ते मी टीव्हीवर लावून लोकांना दाखवत होते. नको तेव्हा जाणारी लाईट आज जावी म्हणून मी मनापासून प्रार्थना केली. मेली गेली नाही.

सगळे निघाले. आत्या नेहमीसारखी शेवटी उठली. मी आधी उतरून जिन्याखाली थांबले आणि ती आल्यावर सवयीनं पुढं निघाले.

"थांब," ती म्हणाली. "तो बुवा मी हाय न?"

मी होकारार्थी मान हलवली.

"पाय चुकला त्याचा. तो ओढून राह्यला. मी ओढत नाई, बाजूनं फिरवून टाकतो. पाह्यलंच नाई तर तुले कसं समजन?" तिनं पदर खोचला. "आज मी पुढं चालतो. नीट पाह्यून घे."

आणि ती निघाली. रविवारचा बाजार होता, पानठेल्यावर माणसं उभी होती, ओळखीच्या दोन बायका समोरून येत होत्या. आत्या त्यांच्यामधून पाय फिरवत, खांदा किंचित झुकवत चालत गेली. पहिली काही पावलं तर मला दिसलीच नाहीत, डोळे भरून आले होते.

वळणापाशी तिनं मागं न बघता विचारलं, "समजलं का?"

समजलं होतं. मी म्हटलं, "नाई आत्या, अजून थोडं चाल."

ती घरापर्यंत पुढं चालली.