आठशे चाळीस जोड

कारखान्यात तिला सगळे माई म्हणत, अगदी मालकसुद्धा. सव्वीस वर्षं ती भट्टीवर डाखकाम करत होती. खाली-वर दोन पातळ पत्रे, मधे तिरप्या तारांची जाळी, आणि तार जिथे जिथे पत्र्याला टेकते तिथे डाखेचा ठिपका. भट्टीत डाख वितळली की सगळं मिळून एक फळी. एका फळीत आठशे चाळीस जोड. पत्र्याला कुणाचं तेलकट बोट लागलेलं माईला खपत नसे. एकदा मालकांनी कौतुकाने पत्र्यावरून हात फिरवला, तर हिने त्यांच्यादेखत तो पत्रा पुन्हा धुवायला टाकला.

फळी इतकी हलकी की एका हाताने उचलावी. फोरमन चिडवायचा, "माई, बडा घर पोकळ वासा!"

"पोकळ आहे म्हणूनच ताठ आहे," माई म्हणायची. "हेच दोन पत्रे एकमेकांना चिकटवून ठेव, माझ्या वजनानेही वाकतील. जरा अंतर ठेवून बांध, मग बघ."

संसारालाही हेच लागू आहे, असं फोरमनच्या बायकोचं मत होतं.

माईची लेक इंजिनियर होऊन त्याच कारखान्यात लागली, तेव्हा माईला आभाळ ठेंगणं झालं. आणि लेकीचं पहिलंच मोठं काम म्हणजे ॲम्ब्युलन्सच्या तळाची फळी. आखणी लेकीची, जोड आईचे. फळीने नऊशे किलो पेलले तर काम मिळणार, नाहीतर लेकीची आखणी फडताळात जाणार.

चाचणीला गिऱ्हाइकाकडचे तिघे साहेब आले. दाबयंत्र हळूहळू खाली आलं. चारशे, पाचशे, सहाशे. सहाशे वीसला फळी मधोमध बसली, मुकाट्याने.

माईला तिथेच कळलं. जोड सुटला की 'कट्ट' असा आवाज होतो, आणि तो झालाच नव्हता. म्हणजे तारा वाकल्या होत्या. बारीक पडल्या होत्या. तारेची जाडी लेकीने ठरवली होती.

मालकांनी विचारलं, "काय झालं?"

लेकीने तोंड उघडायच्या आत माई पुढे झाली. "जोड कच्चे राहिले असतील. हल्ली हात थरथरतो माझा."

धादांत खोटं. तिच्या हातात भरलेली वाटी दिली तर थेंब सांडायचा नाही.

लेकीने तिच्याकडे एकदाच पाहिलं. "फळी कापा," ती म्हणाली.

"कशाला उगाच? मी सांगतेय ना."

"कापा."

फळी कापली. हातच्या कांकणाला आरसा कशाला? आतले सगळे जोड जिथल्या तिथे होते, आणि मधल्या तारा कमरेत वाकल्या होत्या. लेक साहेबांना म्हणाली, "जोड एकही सुटलेला नाही. तार मी बारीक घेतली, चूक माझी आहे. थोडी जाड तार घातली की फळी नऊशे पेलेल. वजन दीड किलोने वाढेल, जास्त नाही. मला आठ दिवस द्या."

साहेबांनी दिले. ते आठ दिवस लेक आईशी कामापुरतंच बोलली. नवव्या दिवशी नव्या फळीने एक हजार वीस किलो पेलले. साहेबांनी सह्या केल्या, फोरमनने टाळ्या वाजवल्या.

मोरीवर दोघी हात धूत होत्या, तेव्हा लेक म्हणाली, "खोटं का बोललीस?"

"तुझं पहिलं काम होतं गं. माझं काय, माझी झाली सव्वीस वर्षं."

"दुसऱ्या कुणाचे जोड असते ना, तर मी आधीच जाड तार घेतली असती. शंभरातले पाच सुटणार असं धरूनच चालतात सगळे. तुझा एकही सुटणार नाही, या भरवशावर मी बारीक घेतली. जरा जास्तच बारीक घेतली, ते माझं चुकलं. आणि तू चारचौघांत सांगतेस, जोड कच्चे?"

लेकीचा अभिमान आपण बाळगायचा, एवढंच माईला ठाऊक होतं. लेकही आपला बाळगत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. कामाच्या बाबतीत सव्वीस वर्षांत हे ती पहिल्यांदाच म्हणत होती, आणि म्हणताना तिचा ऊर अभिमानाने भरून आला होता.