खरी कॉइल, खोटी कॉइल

"मला सांगू नकोस हं! लाच दिली तरी सांगू नकोस!" असं म्हणून आमच्या मॅडम दोन्ही कानांवर हात ठेवायच्या, आणि मग हळूच एक कान उघडा करायच्या.

सांगायचं काय, तर खरी कॉइल कोणती. भोपाळच्या आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्या थरावर बारीक ओरखडा काढायचा आणि घरातल्या विजेच्या तारांभोवती असतं तशा जातीच्या चुंबकीय क्षेत्रात तो किती लवकर भरतो ते बघायचं, हे मॅडमचं काम. इनक्युबेटरमध्ये दोन कॉइल. दोन्हींतून वीज वाहायची, दोन्ही सारख्याच तापायच्या. पण एकीची गुंडाळणी अशी, की तिचं चुंबकत्व तिथल्या तिथे पुसलं जाई. ती खोटी. जोडणी मी करायची, म्हणून गुपित फक्त माझ्याकडे. ओरखडा मोजणाऱ्याला हवं तेच दिसतं, असं मॅडमचं म्हणणं, आणि त्यात पहिला नंबर त्या स्वतःचा लावत.

मॅडम ग्वाल्हेरच्या. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरतील याचा नेम नसे. बाग सेवनियातल्या घरून निघाल्या की वाटेत पोहे-जिलबी बांधून घेत. "खा बेटा, गरम आहे. आता सांग, डावी ना?" माझं तोंड भरलेलं असे, ते बरंच.

त्यांच्या थोरल्या भावाच्या पायाला मधुमेहाची जखम होती, भरता भरत नव्हती. मॅडमचा सगळा जीव त्या ओरखड्यांत का अडकला होता, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको.

एका खेपेला डाव्या कॉइलमधले ओरखडे भराभर भरू लागले. मॅडम सूक्ष्मदर्शकावरून उठून चक्क उडी मारायच्या. "अगं बघ, पेशी कशा धावतायत! गजब!" साठीला टेकलेली बाई उड्या मारते म्हटल्यावर कोण गप्प बसणार? सगळी लॅब डावीच्या बाजूची झाली. मला मात्र ठाऊक होतं: डावी खोटी होती. पण मोजणी संपेपर्यंत ब्र काढायचा नाही, हा मॅडमचाच नियम.

मोजणी संपली आणि मी सांगितलं. मॅडम मटकन खुर्चीत बसल्या.

"आणि मी दादाला सांगून बसले गं! तो ऑपरेशन टाळतोय, माझ्या चुंबकासाठी!"

आम्हा सगळ्यांसमोर त्यांनी तिथूनच फोन लावला. "दादा, माझी वाट बघू नकोस. अंगठा काढायला आजच हो म्हण."

"पर तू तर म्हणत होतीस, भरतंय."

"मला वाटत होतं रे. तसं नाहीये. पाय वाचव, दादा."

फोन ठेवून त्यांनी डोळे पुसले, आणि काय सांगू, लगेच हसल्या. "काय मस्त फसलो! खोटी कॉइल नसती तर मी गावभर सांगत सुटले असते!" संध्याकाळच्या गाडीने त्या ग्वाल्हेरला गेल्या.

अंगठा गेला, पाय राहिला. कॉइलींच्या जागा बदलून आम्ही प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरकच उरला नाही. पुढे मॅडम निवृत्त होऊन भावाकडेच राहायला गेल्या. मला त्यांची फार आठवण येते.

परवा त्यांनी व्हिडिओ पाठवला. दादा अंगणात काठीशिवाय चालतायत. मॅडम चित्रात कुठेच नाहीत, नुसता आवाज येतो: "आता फाटकापर्यंत, दादा! फाटकापर्यंत!"